रवळनाथाच्या राईतली तुळई

आमच्या ह्यांना कुठेही न्या, आधी छताकडे बघतात. लग्नाला न्या, मांडवाच्या दोऱ्या ओढून बघतात. माझ्या भाचीच्या बारशाला पाळण्याचा हूक किती वजन घेईल ते सांगत बसले होते, बाळाचं नाव काय ठेवलं ते अजून त्यांना ठाऊक नाही. सगळी नोकरी इमारत खात्यात ओव्हरसियर म्हणून काढल्यावर माणसाचं असं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवली. दोघेही निवृत्त झालो आणि साताऱ्याच्या घरात एकमेकांच्या पायात पाय येऊ लागले, तेवढ्यात सुशीचा फोन आला, "आंबे संपायच्या आत या गं!" २००३ सालचा मे होता. आम्ही निघालो.

सुशी माझी कॉलेजातली मैत्रीण. मूळची कऱ्हाडची, लग्न होऊन गेली ती पार आरोंद्याच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही गाड्या भरभरून जाल आणि त्या भल्या माणसांच्या माडांखाली पिशव्या टाकून याल. तिच्या यजमानांना मी दाजी म्हणते, आमच्याकडच्या रीतीने. भातशेती, काजू, आंबा असं त्यांचं घर, आणि गावच्या रवळनाथाच्या देवळात पहिला मान त्यांचा. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गावाचं सुखदुःख मोठ्या आवाजात देवाच्या कानावर घालायचं, ते काम दाजींचं.

पहिल्या संध्याकाळी काही केलं नाही. सोलकढी प्यायली, तळलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, खाल्ली आणि ओट्यावर पाय पसरून बसलो. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला एवढं वाढतात की तो उठू नये. इथे वाढतात थोडं थोडं, पण सकाळी पेज, मग घावणे, मग कापलेला फणस, मग जेवण, थांबतच नाहीत. हे म्हणाले, "बरं आहे की." सुशी म्हणाली, "भावोजी, अजून मासळीचा बाजार बघितला नाही तुम्ही." असं सुखात चाललं होतं.

इगर्जीत

मला खरं बघायचं होतं ते तिथलं जुनं चर्च. गावात त्याला सगळे इगर्ज म्हणतात, हिंदू काय आणि ख्रिस्ती काय. सुशीने फोनवर त्याचं इतकं वर्णन केलं होतं की मी कागद, पेन्सिली सगळं घेऊन आले होते. सकाळी कोवळ्या उन्हात आम्ही मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत गेलो. भाताची खाचरं उघडी पडलेली, कुठे पालापाचोळा भाजलेला, आणि त्या काळ्या-तांबड्या जमिनीच्या टोकाला माडांच्या मधून ती पांढरीशुभ्र भिंत दिसली. बाई गं! मी तिथेच उभी राहिले.

मोठं नाही हो ते. गोव्यातल्यासारखं डोळे दिपवणारं तर मुळीच नाही. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, वर चुन्याचा हात, पुढे तीन कमानींची पडवी. दर्शनी भिंत दोन्ही खांद्यांवरून वळत वर जाते आणि टोकाला साधा क्रूस. घंटेसाठी दोन खिडक्या ठेवल्यात, घंटा मात्र एकच. दुसरीसाठी बहुधा पैसे पुरले नसावेत, पण जागा रिकामी ठेवण्याचा आशावाद मला आवडला. खिडक्यांना काचा नाहीत. पातळ तासलेले शिंपले लाकडी पट्ट्यांत बसवलेत. त्यातून आत जो उजेड येतो तो दुधात पाणी घातल्यासारखा, मऊ. आमच्या देवळांत गाभारा काळोखा असतो, डोळे सरावले की देव दिसतो. इथे सगळीकडे सारखाच शांत उजेड, आणि तरीही आवाज आपोआप खाली येतो.

आत गेलं की पायाखाली जुन्या थडग्यांच्या फरश्या, अक्षरं पावलांनी झिजून गेलेली. समोर लाकडी वेदी, सोनेरी मुलामा उडालेली. तिच्या खांबांवर द्राक्षाचे वेल असायला हवेत, निदान चित्रांत तरी मी तेच पाहिलेत. इथल्या सुताराने द्राक्षं कधी बघितली असतील? त्याने सरळ काजूची बोंडं कोरलीत, खाली बी लोंबते आहे तशी. मी हसले आणि मग एकदम डोळ्यांत पाणीच आलं. मुलींना आयुष्यभर हेच शिकवत आले होते की बघितलंय ते काढा.

आणि छत! तुळयांच्या खाली लाकडी फळ्यांचं निळं छत, त्यावर चांदण्या, आणि कडेने वेलबुट्टीची पट्टी, लग्नाच्या पाटावर असते ना, अगदी तशी. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलं म्हणून सांगतात. सांगणारे होते इनासबाब. सत्तरीचे, बारीक अंगाचे, जुने सुतार. दर वर्षी पावसाआधी या इगर्जीची कौलं चाळायची, म्हणजे काढून झाडून पुन्हा बसवायची, ते काम त्यांच्या बापाने केलं आणि आता ते करून घेतात. मी मान वर करून बघत होते तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले.

"माजा लगीन ह्याच चांदण्यांखाली झाला," ते म्हणाले. "रोझी, माजी बायल, ती पण हंयसूनच गेली. माका एक दिवस हंयसूनच न्हेतले."

मी काही बोलणार तेवढ्यात वरून खरवडल्याचा आवाज आला. बघते तर आमचे हे! गायकांच्या सज्ज्यावर चढून, तिथून शिडी लावून, छताच्या कडेला तुळईचं टोक उघडं राहून भिंतीत शिरतं तिथे पेचकस खुपसत होते. पेचकस खिशात असतोच. तो मुठीपर्यंत आत गेला. वरून भुसा पडला, माझ्या केसांत, इनासबाबांच्या खांद्यावर. आणि ह्यांनी अख्ख्या चर्चमध्ये घुमेल अशा आवाजात सांगितलं, "अहो, ही तुळई पावसाळा काढायची नाही! आतून पार कुसलीय!"

दारात फादर उभे होते.

फादर तरुण, वसईकडचे, गावात नवे आलेले. बोलणं अगदी शुद्ध आणि हळू. त्यांना आधीपासून धास्ती होतीच, आता खात्याच्या माणसाने निकाल दिला. ते म्हणाले, "मग संपलं. सोमवारी कुडाळहून ठेकेदार येतोय. मी त्याला छप्पर उतरवायलाच सांगतो. वर लोखंडी कैच्यांचा सांगाडा आणि पत्रे. खाली रविवारी लेकरं बसतात हो, मी चांदण्या बघू की त्यांची डोकी?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण छप्पर उतरलं की खालचं निळं छतही जाणार, कारण ते त्या तुळयांनाच टांगलेलं. इनासबाब खांद्यावरचा भुसा झटकत राहिले. बाहेर पडवीत आल्यावर मला म्हणाले, "मगे वर पत्रो दिसलो तर थंय मातयेत माका गमात काय, सांगा?"

मी ह्यांच्यावर अशी भडकले की विचारू नका. "एवढं मोठ्यानं बोलायची काय गरज होती? तुम्हाला कुणी विचारलं होतं?" हे म्हणाले, "कुसलेली तुळई कुसलेलीच असते, हळू बोललो तरी." ते खरंच होतं, म्हणून मला आणखी राग आला. तणतणत एका आंब्याखाली चित्र काढायला बसले, तर फांदीवरून तांबड्या मुंग्या, ज्यांना इथे हुमले म्हणतात, पाठीवर पडल्या. मी कागद फेकून अशी नाचले की मासळी घेऊन चाललेल्या दोघी बायका टोपल्या खाली ठेवून हसल्या. चित्र अर्धवट राहिलं ते राहिलंच.

ओट्यावर

दुपारी जेवताना हे नुसता भात चिवडत होते. ताटात बांगड्याची आमटी, आणि हे भात चिवडताहेत! मला त्यांची दया यायला लागली. शेवटी दाजींनाच म्हणाले, "दुसरी तुळई मिळाली तर एक बदलून भागेल. बाकीच्या ठणठणीत आहेत. पण एवढ्या लांबीची, सरळ, आणि वाळलेली हवी. ओलं लाकूड बसवलं तर पिळवटून भिंतच फोडेल. असं लाकूड या दिवसात बाजारात मिळत नाही. आणि जोड दिलेलं मी घालू देणार नाही."

दाजी बोटं चाटत म्हणाले, "तसला झाड आसा."

"कुठे?"

"रवळनाथाच्या रायेत. ऐन आसा, ऐनाचा झाड. उभोच सुकलो. दोन पावस गेले, पण कोण हात लावणा नाय."

देवराईतली काडीदेखील देवाची. वाऱ्याने पडलेली फांदी तिथेच कुजते, पण कुणी चुलीला नेत नाही. सुशीच्या सासूबाई म्हणे एकदा तिथून नकळत केसांत अडकून आलेलं पान परत टाकायला गेल्या होत्या. मी विचारलं, "मग देव चर्चला झाड देईल?"

"तेकाच इचारूया," दाजी म्हणाले, शेजारच्याला फोन करून विचारावं तसं. "सरकारची परवानगी मी आणतंय, ती मेळतली. देवाची मेळूक होयी!"

आमच्याकडे देवाला आपण सांगतो, मागतो, नवस बोलतो. तो काही बोलत नाही आणि आपणही त्याची अपेक्षा धरत नाही. इकडे देव उत्तर देतो. मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याला कौल म्हणतात. मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, घरातलं भांडण, सगळं विचारतात. हे गालात हसले. "पाकळी ओल संपली की पडते," एवढंच म्हणाले. मी डोळे वटारले तेव्हा गप्प झाले.

संध्याकाळी इनासबाबांच्या घरी गेलो. राईला लागूनच त्यांचं घर. ह्यांना त्यांनी हुर्राक दिला, काजूची ताजी दारू, त्यात मीठ आणि उभी चिरलेली मिरची. ह्यांनी ती ताक प्यायल्यासारखी एका दमात प्यायली आणि पुढचा अर्धा तास इनासबाबांच्या दाराची चौकट किती उत्तम आहे ते चौकटीलाच सांगत होते. त्यांना धरून आणताना माझी पुरेवाट झाली. पण निघताना इनासबाब मला म्हणाले, "सायबांचो राग धरू नको गो बाय. तेंनी खरा ताच सांगितला." तेवढ्याने माझा राग गेला.

राईत

दुसऱ्या दिवशी दाजींनी झाड दाखवलं. चपला बाहेर काढायच्या. आत शिरलो आणि उकाडा कापल्यासारखा थांबला. वेली दंडाएवढ्या जाड, खाली पाचोळ्याची गादी, आणि कुठेतरी पाणी झिरपत असल्याचा वास. मधोमध तो ऐन, साल उडालेला, राखाडी, सरळसोट वर गेलेला. ह्यांचा हात आपोआप खिशातल्या पेचकसाकडे गेला. दाजी घाईने म्हणाले, "हां हां, अजून बोट लावूचा नाय!" मग आमचे हे हात पाठीमागे बांधून त्या झाडाभोवती फिरले, एकदा असे, एकदा तसे, मान तिरकी करून. पोरीला बघायला आलेल्या सासऱ्यासारखे दिसत होते. शेवटी म्हणाले, "हेच हवं. याहून चांगलं मला दाखवा."

देवळात

शनिवारी सकाळी कौल लावायचं ठरलं. सोमवारी ठेकेदार येणार, म्हणजे याच्यापुढे दिवस नव्हता. देऊळ बसकं, कौलारू, मंडपाला कोरीव लाकडी खांब. गावातली बरीच माणसं जमली होती. ख्रिस्ती घरांतलेही आले होते, ते कडेच्या कट्ट्यावर बसले. इनासबाब सर्वांत टोकाला, इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर. फादरही आले होते. पण ते आत आले नाहीत, देवळाच्या आवाराबाहेर स्कूटरला टेकून उभे राहिले. त्यांना परत जाववतही नव्हतं आणि पुढे येववतही नव्हतं, बिचाऱ्यांना.

सखाराम गुरवांनी पाकळ्या लावल्या. दाजी उभे राहिले. घरात हळू बोलणारा हा माणूस, पण इथे आवाज असा लागला की माझ्या अंगावर काटा आला.

"बा रवळनाथा महाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा!"

"होय महाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

"इगर्जीची तुळई कुसली आसा. पावस दारात इलो. तुझ्या रायेतलो सुको ऐन आमी इगर्जीक देतंव. तुका मानवता काय नाय, ता सांग, महाराजा!"

"होय महाराजा!"

आणि पटकन पाकळी पडली. डावी.

मी इनासबाबांकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली, बघवेना. ते उठले, खालच्या मानेने चपला शोधू लागले. मला त्या दगडाच्या देवाचा सपाटून राग आला, खोटं कशाला सांगू? वाळकं झाड एक, ते द्यायला काय जात होतं?

तेवढ्यात सखाराम गुरव दाजींकडे वळून म्हणाले, "थांबा रे. तू काय म्हटलंस?"

"काय म्हटलंय?"

"'आमी देतंव' म्हटलंस. झाड तुझा काय? देवाचा झाड देणारे आमी कोण? जेका होया आसा, तेना मागूक होया."

मंडपात एकदम कुजबुज झाली. खरंच की! दाजींनी कपाळावर हात मारला. दर वेळी गावाच्या वतीने तेच बोलत आलेले, सवयीने बोलून गेले. सगळ्यांच्या माना इनासबाबांकडे वळल्या. इनासबाब चपला हातात घेऊन उभे होते. त्यांनी देवाकडे बघितलं, मग आवाराबाहेर फादरांकडे. आणि चालत फादरांकडे गेले. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"फादर, माका मागूक सांगतत."

फादरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "इनासबाब, काय मागायचं आणि कसं मागायचं, ते तुम्ही ठरवा. तुमच्यावर माझा विश्वास आहे. मी तुम्हाला अडवणार नाही."

इनासबाब परत आले. चपला पायरीशी व्यवस्थित ठेवल्या. गुरवांनी नव्या पाकळ्या लावल्या. इनासबाब देवासमोर उभे राहिले, हात जोडले नाहीत, नुसते दोन्ही बाजूंना सोडलेले. दाजींसारखा आवाज त्यांना नव्हता, साधंच बोलले.

"रवळनाथा, मी इनास. सुतार. तू माका वळाखतस, तुझ्या रायेच्या कडेकच मी रवतंय. परार्थना मी थंय करतंय, इगर्जीत. ती हंय करूचंय नाय, खोटा कित्याक बोलू? मी शेजारी म्हणान इलंय. आमच्या घराची तुळई कुसली. तुझ्याकडे एक झाड सुका आसा. ता माका होया. दिलंस तर तुझे उपकार. नाय दिलंस तरी माजो राग नाय."

आधी एकटे गुरव म्हणाले, "होय महाराजा." आणि मग सगळे म्हणाले, "होय महाराजा!"

पाकळी पडेना. दोन्ही आपल्या जागी घट्ट. बाहेर एक कोंबडा आरवला, कुणीतरी खोकलं. दाजी ओठ हलवत होते. माझ्या शेजारी कुणीतरी पुटपुटत होतं, "पड की गं बाई, पड की, उजवी पड." वळून बघते तर आमचे हे! ओल संपली की पाकळी पडते म्हणणारे. दोन्ही मुठी आवळलेल्या.

आणि उजवी पडली.

असा गलका झाला म्हणता! दाजींनी इनासबाबांना मिठीच मारली. हे माझा दंड धरून हलवत होते, "बघितलंस? बघितलंस?" जसं काही त्यांनीच पाडली. इनासबाब मात्र तिथेच उभे. आता करायचं काय, हे त्यांना सुचत नव्हतं. हात जोडायचे, तर आपण प्रार्थनेला आलो नाही असं आत्ताच सांगितलेलं. तसंच निघून जायचं, तर ती माणुसकी नव्हे. शेवटी ही माणसं शेजाऱ्याचे आभार जसे मानतात तसेच त्यांनी मानले. देवाकडे बघून म्हणाले, "देव बरें करूं."

कुणीही हसलं नाही. गुरवांनी मान हलवली, घरच्या माणसाचे आभार स्वीकारावेत तशी.

पुन्हा इगर्जीत

आमचं परतीचं आरक्षण आम्ही रद्द केलं. दाजी कचेरीतून परवानगी घेऊन आले. फादरांनी ठेकेदाराला येऊ नको म्हणून कळवलं, पण ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, लेकरांची जबाबदारी तुमच्यावर." हे म्हणाले, "माझ्यावर."

झाड पाडायच्या आधी मुळाशी नारळ ठेवला. ओंडका राईतून मेरेवरून खांद्यांवर आणला, कारण गाडी आत जात नव्हती. पुढे गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, मागे ख्रिस्ती आळीतले, मधे जो येईल तो. जड झालं की कुणीतरी ओरडायचं, "उचला रे!" आणि सगळे दम टाकत म्हणायचे, "होय महाराजा!" फादर पांढरा झगा कमरेला खोचून, अनवाणी, सखाराम गुरवांच्या मागे खांदा देऊन चालले होते. घामाघूम झालेले. त्यांच्या तोंडून पण तेच निघत होतं, त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. मी आणि सुशी सरबताची कळशी घेऊन मागून चाललो होतो आणि दोघी रडत होतो. कशाला ते नका विचारू. बरं वाटत होतं म्हणून.

इगर्जीच्या अंगणात ओंडका तासला. इनासबाबांचे पुतणे वाकस चालवत होते आणि म्हातारा सुतार शेजारी बसून एकेका घावाला "हं" म्हणत होता. खालून टेकू देऊन, जुनी तुळई सोडवून, साखळ्यांनी नवी वर चढवली. ह्यांचा घसा बसला ओरडून. त्या दिवशी मात्र मी त्यांना हळू बोला म्हटलं नाही. निळ्या छताच्या चार फळ्या काढाव्या लागल्या, त्या जशाच्या तशा परत बसल्या. एक चांदणी जराशी फुटली, ती मी रंगवली. मी, साताऱ्याची ड्रॉइंगची बाई!

कौलं बसली तेव्हा खाडीच्या तोंडाशी ढग भरून आले होते. घाटावर आम्ही असे ढग बघितले की वाळवणं उचलायला धावतो. इथेही बायका धावत होत्या, पोरं माडाच्या झावळ्या आत ओढत होती. इनासबाब तेवढे पडवीच्या पायरीवर बसून होते. मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी मान वर करून कौलांकडे बघितलं, मग खाडीकडे. विडी कानामागून काढली, पण पेटवली नाही.

"आता येवंदे पावस," ते म्हणाले.